हुकलेला फोटो

नेरुळच्या खाडीकाठी चालून झालं की मी आणि बायको एका बाकावर बसायचो. शेजारच्या बाकावर तो असायचा. गळ्यात भारी कॅमेरा, लेन्सचं झाकण मुठीत. फोटो काढताना मात्र तो कधीच दिसला नाही. नुसते हुकलेले फोटो सांगायचा, आणि सांगताना त्याचं बोट गुडघ्यावर बटण दाबत राहायचं. मला त्याचा कंटाळा यायचा.

“काय फ्रेम होती साहेब. पिवळी होडी, टोकावर काळं कुत्रं, वरून फ्लेमिंगोंचा अख्खा थवा. माझा हातच वर आला नाही.”

दोन दिवसांनी आमच्यासमोरून पिवळी होडी गेली. टोकावर काळं कुत्रं उभं होतं, आणि थवा वरून गेला. मी त्याच्याकडे बघितलं. तो झाकण अंगठ्यानं चोळत बसला होता. पुढेही असंच व्हायला लागलं. तो आधी हळहळायचा, मग ते घडायचं.

एका सकाळी तो आपणहून आमच्याकडे वळला.

“सगळ्यात चांगला फोटो तुमचा हुकला, साहेब. ह्याच बाकावर तुम्ही एकटे. मांडीवर वहिनींची हिरवी शाल. मागे खाडी गुलाबी झालेली.” त्याचं बोट गुडघ्यावर दाबलं गेलं. “हातच वर आला नाही.”

“माझ्याकडे कुठंय हिरवी शाल?” शेजारी बसलेली बायको हसली.

यंदा भाऊबीजेला तिच्या भावानं हिरवी शाल आणली. भाऊ परत गेल्यावर तिनं घडी न मोडता ती माझ्या मांडीवर ठेवली. हळूच म्हणाली, “खाडीवर नको जायला आता.”