राहिलेला हाफ

मामांनी माझ्या दुकानात बसून तीन वर्षं फुटबॉलचे सामने पाहिले आणि त्यातला एकही शेवटपर्यंत पाहिला नाही. हाफटाइमची शिट्टी वाजली की ते उठायचे. कोण जिंकतंय, कोण हरतंय, काही देणंघेणं नाही. टोपी डोक्यावर, पिशवी काखेत, "येतो अक्का" म्हणून पायऱ्या उतरायचे की गेले. आमच्या गल्लीतल्या दुकानदारांनी त्यांचं नाव 'हाफटाइम मामा' ठेवलं होतं. मामांना ते माहीत होतं आणि त्या नावाला ते खुशाल ओ द्यायचे.

माझं दुकान सोलापूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. होटगीचे हे रिटायर रेल्वेवाले पहिल्यांदा आले ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला. अंगठा दिला, दाखला घेतला, आणि निघायचं सोडून माझ्या कॉम्प्युटरकडे टक लावून उभे राहिले. मी मनात म्हटलं, हे आता डोक्याला काहीतरी ताप देणार. दिलाच.

"अक्का, ह्याच्यात बंगालातली म्याच दिसती का?"

"मामा, हे झेरॉक्सचं दुकान आहे. थेटर नाही."

"व्हय की," म्हणाले आणि तिथंच बाकावर बसले. दोन गिऱ्हाइकं झाली, तिसरं झालं, तरी बसलेलेच. शेवटी मीच विचारलं, कुठली मॅच, कसली मॅच. झालं! तास गेला माझा.

तरुणपणी रेल्वेच्या भरतीत त्यांचा नंबर लागला तो थेट बंगालात, खरगपूरकडे. घरात कानडी, गावात मराठी, आणि ज्वारी-तुरीपलीकडचं जग न पाहिलेला माणूस. बायकोला घेऊन तिकडे गेले आणि चौदा वर्षं राहिले. तिथल्या एका लहानशा गावाच्या संघात लेफ्ट बॅक म्हणून खेळले. हिरवे शर्ट, पावसाळ्यात घोटाभर चिखल, सामना संपला की तळ्यात अंघोळ. पुढे आईवडील थकले म्हणून बदली घेऊन परत आले. पण त्या गावाबद्दल बोलायला लागले की काल सकाळी तिथून निघाल्यासारखे बोलायचे. "आमचं मैदान" म्हणायचे. मला हसू यायचं. होटगीतल्या घराला ते कधी 'आमचं' म्हणाले नाहीत, नुसतं 'घर' म्हणायचे.

असल्या गावठी लीगचे सामने कुठलं चॅनेल दाखवणार? तरी मामांनी आधी डिश लावून पाहिली होती. घर माळवदाचं. त्या मातीच्या छपरावर डिशचे बोल्ट काही धरेनात. दोनदा बसवली, दोनदा वाऱ्यानं उचलून शेजारच्या परड्यात टाकली. "दुसऱ्या टायमाला शेजाऱ्याची शेळी थोडक्यात वाचली बघा," असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. मग डिशवाल्यानंच हात जोडले. वर म्हणाला, मामा, बसली असती तरी तुमची मॅच त्यात दिसली नसती. मोबाइलवर बघावं, तर रेंज यायची फक्त माळवदावर, आणि खाली मामी अंथरुणाला खिळलेल्या. अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेल्यातच जमा. "मी वर बसून म्याच बघू, न् ही खाली एकटी? जमतंय व्हय?" मामा म्हणाले. जमण्यासारखं नव्हतंच.

मी शोधायला बसले. एका ठिकाणी सापडल्यासारखं झालं, तर पडद्यावर अक्षरं आली, 'हा व्हिडिओ तुमच्या भागात उपलब्ध नाही.' मी वाचून दाखवलं. मामांना ते फार लागलं.

"आमच्या भागानं ह्यांचं काय घोडं मारलंय?"

मग मी त्या संघाच्या सेक्रेटरीचा पत्ता काढला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिलं की तुमचा एक जुना लेफ्ट बॅक इथं सोलापुरात बसून जीव टाकतोय. उत्तर लगेच आलं. त्या भल्या माणसानं पुढच्या शनिवारपासून मैदानाच्या कडेला बांबू रोवला, त्याला स्वतःचा मोबाइल बांधला आणि सामना आम्हाला पाठवायला सुरुवात केली. वारा आला की अख्खं मैदान डुलायचं. कधी दहा-दहा मिनिटं कुणाची तरी छत्रीच दिसायची, आणि मामा पडद्याला सांगायचे, "ओ दादा, जरा सरका की!" फॉर्म भरायला आलेली माणसंसुद्धा उभी राहून बघायला लागली. माझ्या धंद्याचा शनिवार असा बुडाला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

सामना तीनला. होटगीकडे जाणारी पॅसेंजर चारनंतर थोड्या वेळानं. म्हणजे एकच हाफ. शेजारच्या शांताबाई मामींजवळ पाचपर्यंत बसायच्या. मी म्हणायची, अहो, एसटीनं जा, रिक्षानं जा, गाड्या काय कमी आहेत? "एसटी कवाबी येती, अक्का," एवढंच म्हणायचे. मी म्हणायची, तुमची पॅसेंजर तरी कुठं वेळेवर येते? त्यावर रेल्वेतला माणूस म्हणून त्यांना राग यायचा आणि ते बोलायचेच नाहीत.

दुसरा हाफ मी कॉम्प्युटरवर साठवून ठेवू लागले. म्हटलं, पुढच्या शनिवारी आधी तो बघा. तर मान हलवली.

"शिळी भाकरी दुधात कुस्करून खाता येती. शिळी म्याच कशी खायची?"

"मग निकाल तरी सांगते."

"न्हाई, न्हाई! काय सांगू नका. राहिलेला हाफ मी गाडीत खेळतो."

आणि खरंच खेळायचे हो. पुढच्या शनिवारी आल्या आल्या मला मागच्या सामन्याचा शेवट सांगायचे. कोणी बॉल कुठं दिला, कोण घसरून पडला, गोलकीपर कसा चुकला. सगळं मनानं रचलेलं. गंमत म्हणजे त्यांच्या दुसऱ्या हाफात त्यांचा संघ एका गोलापेक्षा जास्त फरकानं कधी जिंकला नाही. "लई गोल झाले की खोटं वाटतं," म्हणायचे. खरा निकाल मला ठाऊक असायचा. पुष्कळदा हरलेलेच असायचे. मी ओठ मिटून फॉर्म भरत राहायची. म्हातारपणाचा छंद, असं मी धरून चालले होते. माझ्यासारखी मठ्ठ मीच.

तिसऱ्या वर्षी सेक्रेटरीनं कळवलं की मैदान विकलं गेलं. तिथं गोडाऊन होणार. येत्या शनिवारी त्या मैदानावरचा शेवटचा सामना. मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "हा एक पुरा बघायला पायजे हुता, अक्का." तीन वर्षांत स्वतःसाठी त्यांनी मागितलेलं एवढंच.

मी म्हटलं, बघालच. मी जाते होटगीला, मामींजवळ मी बसते. तुम्ही इथं निवांत शेवटपर्यंत बघा. नको-नको केलं त्यांनी, पण डोळे 'हो' म्हणत होते. शनिवारी आमच्या ह्यांना दुकानात बसवलं, मामांना पडद्यासमोर बसवलं, आणि मी दुपारीच होटगी गाठली. शांताबाईंना म्हटलं, आज तुम्ही घरी जा.

मामींची खाट दाराशी होती. अंग लुळं, पण डोळे असे लख्ख की समोरच्यानं खोटं बोलू नये. मी चहा केला, बशीनं पाजला. माझ्या तुटक्या कानडीत काय काय सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला, आणि इतका वेळ गप्प असलेल्या मामी स्पष्ट म्हणाल्या, "गाडी बंतु." गाडी आली. आणि दाराकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, मामी, आज मामा उशिरा येणार, "लेट बर्तार." त्यांनी ऐकलंच नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डाव्या हातानं खाटेची पट्टी धरली, श्वास वर-वर होऊ लागला, आणि डोळे दारावरून हलेनात. मला दरदरून घाम फुटला. चांगलं करायला गेले आणि हे काय होऊन बसलं! मी त्यांचा हात धरून नुसती "मामी, मामी" करत होते. तेवढ्यात दारात मामा उभे.

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या मी भडकले. "अहो मामा! शेवटचा सामना होता तो! मग मी इथं कशाला येऊन बसले?"

"बसलो हुतो की. शिट्टी झाली तरी बसलो. तुमचे मालक पण बसा म्हणले." त्यांनी चप्पल काढली. "पर पाय आयकंनात. पळत जाऊन मागचा डबा धरला. गाडी आली न् मी न्हाई आलो, असं हिच्या दुखण्यात एकदाबी झालं न्हाई, अक्का. आजच कसं करू?"

हातपाय धुऊन ते खाटेशी बसले आणि कानडीत सामना सांगायला लागले. पहिला हाफ पाहिलेला. मग एक घोट पाणी प्यायले आणि दुसरा हाफ सुरू केला, जो त्यांनी पाहिलाच नव्हता. तोही तस्साच, नावानिशी. मामींचा श्वास केव्हा शांत झाला मला कळलंही नाही. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या शांताबाई माझ्या कानात म्हणाल्या, "दर शनवारी हेच आस्तंय. तिकडं ह्यांचा खेळ बघायला ती मैदानाच्या कडंला बसायची म्हनं." मामांनी गोल सांगितला तेव्हा मामींचा डावा हात अंथरुणावरून वीतभर वर उचलला गेला. मामांनी तो धरून हळूच खाली ठेवला आणि पुढचं सांगू लागले. तिला पुरा सामना मिळायला हवा, आणि त्यात हार नको, म्हणून हा माणूस दर शनिवारी गाडीत बसून दुसरा हाफ खेळत होता. मला मेलीला तो छंद वाटला होता.

त्या उन्हाळ्यात मामी गेल्या. दीड महिना मामा फिरकले नाहीत. मग एका शनिवारी आले. टोपी नव्हती, दाढी वाढलेली. बाकावर बसले.

"तो शेवटचा ठेवलाय का, अक्का?"

"ठेवलाय. पण शिळा आहे, मामा."

"असू द्या."

त्यांच्या शेजारी स्टूल ओढून मी बसले आणि राहिलेला हाफ आम्ही दोघांनी मिळून पाहिला. त्यांचा संघ दोन गोलांनी हरला. सामना संपल्यावर पोरांनी वाकून मैदानाची माती कपाळाला लावली आणि एकेक करून निघून गेली. बांबूवरचा मोबाइल कुणी बंद केला नव्हता. रिकामं मैदान कितीतरी वेळ दिसत राहिलं. गाडीची वेळ टळून गेली. मामा हलले नाहीत.

"बरं झालं, हिला माझाच सांगितला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पुरा बघितला की आज. आता सांगू कुणाला?"

"मला सांगा."

"तुमी तर शेजारी बसून बघितलाय की, अक्का."

मी चहा मागवला, तो तसाच गार झाला.

पावसाळ्यात हुबळीला नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. मामा गेले ते परत आले नाहीत. वर्षाच्या आत मुलाचा फोन आला की झोपेतच गेले. मला त्यांची आठवण फार येते. दुकानात माणसांची ये-जा असते, बोलायला उसंत नसते, तरी येते.

पण हुबळीला जायच्या आदल्या दिवशी शनिवार होता, आणि नव्या हंगामाचा पहिला सामना. मैदान दुसऱ्याच कुणाचं, उसनं घेतलेलं. मामा निरोप घ्यायला आले होते. मी त्यांना धरून बाकावर बसवलं, सामना लावला आणि माझी खुर्ची उचलून रस्त्याकडे तोंड करून बसले. पडद्याकडे पाठ. तिकडून येणारा बंगाली आरडाओरडा मला कळण्यातला नव्हताच.

"मामा, मला इथून काही दिसत नाही. काय चाललंय, सांगा."

मागे बाक करकरला. मला वाटलं, रागावून उठले. मग घसा खाकरून म्हणाले, "हां. बॉल आपल्याकडं हाय."

हाफटाइमची शिट्टी वाजली. उठले नाहीत. एक आजोबा झेरॉक्सला आले, त्यांना मी हातानंच थांबवलं. मामा सांगत होते, मी ऐकत होते, डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं आणि पुसायची गरज नव्हती, कारण मामा माझ्या पाठीमागे होते. शेवटी म्हणाले, "जितलो, अक्का."

खरंच जिंकले होते की नाही, ते मी अजून पाहिलेलं नाही. पाहणारही नाही.