बरणीतला दिवा

माझी आई मिनेसोटात सहा महिने राहिली आणि त्या सहा महिन्यांत तिने माशाचा एक तुकडा तोंडात घातला नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, आमची थोरली जन्मली तेव्हा, सुनेच्या बाळंतपणासाठी ती मालवणहून आली होती. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या कौतुकाने तिला सुपरमार्केटात नेलं आणि माशांच्या फ्रीजरसमोर उभं केलं. तिने एक पाकीट उचललं, बोटाने ठोकून पाहिलं.

"याचं डोकं कुठाय?"

"डोकं काढून विकतात, आई."

"शेपूट?"

"तीपण."

"मग हा मासाच आहे कशावरून? साबणाची वडीसुद्धा अशीच असते." तिने पाकीट परत ठेवलं. "कल्ला उघडून लाल दिसल्याशिवाय आमच्याकडे मासा चुलीवर चढत नाही. तुम्ही खा."

आम्ही खायचो. ती शेजारी बसून वरणभात कालवत आमच्या ताटाकडे अशी बघायची, की घास घशात अडकावा. रविवारी दुपारी कोंबडी मात्र आवडीने खायची. रात्री तीच कोंबडी पुढे केली तर नको म्हणायची. वय झालं, रात्रीचं पचत नसेल, असा निष्कर्ष मी काढला. मी इंजिनिअर आहे, निष्कर्ष लवकर काढतो. मनगटावरचं घड्याळही तिने इथे आल्यावर बदललं नव्हतं. "परत गेल्यावर पुन्हा कोण काटे फिरवत बसणार," असं म्हणाली आणि मला ते पटलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तिचं परतीचं विमान होतं. बॅग भरायला काढली तेव्हा ती सुनेला म्हणाली, "सगळं छान झालं हो. फक्त मेलं तोंड अळणी झालंय." एवढंच. पण मी ते मनाला लावून घेतलं. तीन रविवार हातात होते. डोकंशेपटीसकट एक ताजा मासा आईच्या ताटात वाढायचा, असं मी ठरवून टाकलं.

आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ थंडीभर गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला जात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, सोपं आहे. अंधार पडला की बर्फाला भोक पाडायचं, शेजारी गॅसबत्ती ठेवायची. उजेडाला पाण्यातले बारीक किडे जमतात, किड्यांच्या मागे पिल्लं येतात, पिल्लांच्या मागे तळहाताएवढे चपटे मासे. गळाला बारीकशी मासळी लावायची आणि गप्प बसायचं.

गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. मला वाटलं, बत्ती पाण्याबाहेर ठेवून निम्मा उजेड वाया का घालवायचा? दिवाच पाण्यात सोडावा. बायकोची लोणच्याची बरणी घेतली, आत मोटारीचा बल्ब बसवला, झाकणातून वायर काढून मेणाने सगळं बंद केलं. बरणी तरंगू नये म्हणून खाली खलबत्त्यातला बत्ता बांधला. वायरच्या दुसऱ्या टोकाला मोटारीची जुनी बॅटरी. ती ओढायला शेजाऱ्यांच्या नातवाची घसरगाडी. निघालो तेव्हा बायको दारातून म्हणाली, "अहो, बत्ता परत आणा हां."

पहिल्या रविवारी दिवा लावून तापलेली बरणी मी कौतुकाने त्या गारढोण पाण्यात सोडली आणि ती तडकली. संपलं. गिरमिटाने ते भोक पाडायला मला अर्धा तास लागला होता.

दुसऱ्या रविवारी नवी बरणी आधी पाण्यात सोडली, मग दिवा लावला. काय सांगू, बर्फाखाली हिरवट उजेडाचं मोठं वर्तुळ उमटलं. मासे आले नाहीत, पण माणसं आली. दोन पोरं आली, एक कुत्रेवाला आला, एक नवरा-बायको थर्मास घेऊन आले. सगळे भोकाभोवती उभे राहून वाकून बघत, पाय आपटत, मला बरणी कुठे मिळते ते विचारत होते. आमचे शेजारी तिकडे पन्नास पावलांवर आपल्या साध्या बत्तीपाशी एकटे बसून मासे काढत होते. मी रिकाम्या हाताने घरी आलो.

"मिळालं काही?" आईने विचारलं.

"नाही."

"दुकानातून आणून, पकडला म्हणून सांगायचंस. मला काय कळणार होतं?"

"डोकं कुठून आणलं असतं?"

"हां, तेही खरं."

तिसरा रविवार शेवटचा. दुसऱ्या दिवशी दुपारी विमान. साडेपाचला अंधारू लागलं, तेव्हा मी तळ्यावर होतो. अशी थंडी, की नाकातले केस टोचत होते. या वेळी मासे आले. खरंच आले. वाकून बघितलं तर बरणीभोवती प्रदक्षिणा घालताहेत, रुपेरी, चपटे, डोक्यासकट, शेपटीसकट. माझ्या गळाकडे ढुंकून बघत नाहीत. आपण उपाशी उभे आहोत आणि लग्नाची पंगत काचेपलीकडे बसली आहे, असं ते दृश्य होतं. मी गळ खाली सोडला, वर घेतला, मासळी बदलली. शेवटी भोकात तोंड घालून त्यांच्याशी मराठीत बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

शेजारचे म्हातारे येऊन उभे राहिले. "दिवा फार प्रखर आहे तुझा," ते म्हणाले. "आणि तू फार थरथरतोयस. गळ नाचतोय."

थरथर थांबवणं माझ्या हातात नव्हतं. गरम चहाने थांबेल म्हणून थर्मासमधला चहा घटाघट प्यायलो आणि जीभ भाजून घेतली. तेवढ्यात थंडीने बॅटरीने मान टाकली. दिवा पिवळा झाला, मग तांबूस, मग उदबत्तीच्या टोकाएवढा. मी सगळं गुंडाळायला लागलो आणि त्या मिणमिणत्या उजेडात दोरीला ओढ बसली. एक. पाच मिनिटांनी दुसरा. माझ्या सगळ्या अभियांत्रिकीने जे साधलं नाही, ते ती बंद पडल्यावर साधलं.

मासे बर्फावर ठेवले असते तर लाकूड झाले असते, म्हणजे पुन्हा फ्रीजरचाच माल. म्हणून बादलीत पाणी घेऊन, बादली गाडीच्या हीटरसमोर ठेवून घरी आणले. आईने हात घालून एक उचलला, अंगठ्याने कल्ला उघडला. आत जास्वंदीसारखा लाल.

"हा मासा," ती म्हणाली. सहा महिन्यांत तिचा असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, नात पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा.

मग तिने कोणाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. ओलं खोबरं नव्हतं, सुकं चालवलं. बत्ता माझ्या पिशवीतून काढून, तीनदा धुऊन मिरी कुटली. एकाची आमटी केली, एक तळला. ताटं घेतली दोन.

"तुझं?"

"मला वरणभात आहे सकाळचा."

"आई, अगं तुझ्यासाठीच—"

तिने मनगट पुढे केलं. घड्याळात साडेसात वाजले होते. "तिकडे उजाडलं. सोमवार लागला माझा. शंकराचा सोमवार मी कधी मोडला नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात रविवार रात्रीच्या कोंबड्यांचा प्रकाश पडला. सहा महिने उशिरा.

मी चिडलो. बॅटरी आत आणली होती. उबेने तिला जीव आला होता, बरणी लख्ख पेटली. एक पपनस घेतलं, त्याच्या दोन बाजूंना दोन लवंगा टोचल्या आणि टेबलावर ब्रह्मांड मांडलं. "हा सूर्य. ही लवंग मालवण, ही लवंग आपण. बघ, आपल्या लवंगेवर अंधार आहे. म्हणजे इथे रविवारची रात्र."

"आणि माझ्या लवंगेवर?"

"तिथे उजेड."

"म्हणजे उजाडलंय."

"हो, पण—"

"मग मी वेगळं काय बोलले?"

"अहो, हळू," बायको म्हणाली. "बाळ झोपलंय."

"आई, तू इथे आहेस ना?"

"मी इथे आहे. ज्या देवापुढे बोलले तो तिकडेच आहे. तो काही तुमच्यासारखा नोकरीला नाही आला."

मी दिवा बंद केला आणि जेवायला बसलो. ती वरणभाताचं ताट घेऊन माझ्यासमोर बसली.

"कसा आहे?"

"चांगला."

"चांगला म्हणजे? गोड की मातकट?"

भाजलेल्या जिभेला काहीच कळत नव्हतं. तसं सांगितलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "सूनबाई, तू सांग. सावकाश सांग."

बायकोने एक घास घेतला, डोळे मिटले. "गोड आहे, आई. थोडा पापलेटासारखा, पण हलका. कडेचं मांस मऊ आहे."

"काट्याजवळचं?"

"त्याहून गोड."

"तिखट कमी पडलं का?"

"किंचित."

"मला वाटलंच," असं म्हणून आईने वरणभाताचा घास घेतला. मग दोन्ही ताटांकडे नजर टाकून म्हणाली, "डोकं टाकू नकोस गो. चोख. आणि कसं लागतं ते सांग."