‘क’ची जागा

समोरच्या इमारतीतले आजोबा थंडी पडायला लागली की रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून गुळण्या करतात. कोमट पाण्यात मीठ असतं आणि बहुधा लवंगही, कारण वारा इकडचा असला की तिचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. मान मागे टाकून, डोळे मिटून, ते घशात पाणी इतकं खळखळवतात की शेजारची मंडळी वैतागतात. मी मात्र चहाचं आधण ठेवता ठेवता थांबते. तो आवाज नेमका कुठून येतो हे मला ठाऊक आहे. जिभेचा मागचा भाग उचलून टाळूच्या मऊ भागाला टेकतो, तिथून. आपल्या व्यंजनांतला पहिला ‘क’ तिथेच राहतो. त्याला तिथून बाहेर बोलावण्यासाठी मी कधीकाळी एका सात वर्षांच्या मुलीला शाळेच्या पाण्याच्या टाकीशेजारी उभी करून अशाच गुळण्या करायला लावल्या होत्या. आजोबांच्या गुळण्या संपतात, पाणी उकळू लागतं, आणि मी अजून त्या टाकीपाशीच असते.

तेव्हा मी नुकतीच शिकून बाहेर पडले होते. मुलांच्या बोलण्यातले दोष ओळखायचे आणि ते दूर करायला मदत करायची, हे माझं शिक्षण. गुलमंडीच्या मागच्या अंगाला असलेल्या एका जुन्या शाळेत मला काम मिळालं, तेही अनेक वर्षं हेच काम करत आलेल्या एका बाईंच्या हाताखाली. सगळी शाळा त्यांना मॅडम म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. आमची खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी. एका भिंतीवर अजून लेझमा टांगलेल्या होत्या आणि कुणी जोरात दार लावलं की त्या आपणहून छुमछुमत. एक मोठा आरसा, मेणबत्त्या, चित्रांचे पुठ्ठे, आइसक्रीमच्या चपट्या काड्यांचा डबा, एवढाच आमचा संसार. शाळेतल्या शिपाई मावशी आमच्या खोलीला ‘बोबड्यांची खोली’ म्हणत. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. ऊन कडक असलं की त्याच आमच्यासाठी माठातलं पाणी आणून ठेवत.

मला वाटलं होतं, हे काम म्हणजे बोलायला शिकवणं. आवाज कसा काढायचा, जीभ कुठे ठेवायची, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळं मी वह्या भरभरून लिहून काढलेलं होतं. पण पहिल्या महिन्यात मी मॅडमना शिकवताना क्वचितच पाहिलं. त्या ऐकत. अडखळत बोलणारी एक थोराड मुलगी यायची. एकेका शब्दापाशी ती अशी अडायची की समोरच्याचाच जीव गुदमरावा. मला राहवत नसे, मी तिचा शब्द पुरा करून टाकायची. मॅडम मात्र हात मांडीवर ठेवून अशा निवांत बसत, जणू संध्याकाळपर्यंत त्यांना दुसरं कामच नाही. शब्द यायचाच. उशिरा यायचा, धापा टाकत यायचा, पण तिचा स्वतःचा म्हणून यायचा. पुढच्या वेळी ती यायच्या आधी मॅडमनी माझी खुर्ची जरा मागे सरकवून ठेवली. मुलांच्या आयांशी बोलायची मॅडमची तऱ्हाही निराळी. कुणाशी दखनीत, कुणाशी शुद्ध पुस्तकी, कुणाशी अस्सल गावाकडचं. मला ते अंमळ नाटकी वाटे. तेवढीच अक्कल मला तेव्हा होती.

ऑगस्टच्या सुमाराला दुसरीच्या वर्गशिक्षिकेने ती मुलगी आमच्याकडे पाठवली. सोयगावकडच्या एका खेड्यातून हे कुटुंब नुकतंच शहरात आलं होतं. वडिलांना चिकलठाण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. मुलगी चुणचुणीत, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि बोलायची भारी हौस. पण तिचा ‘क’ सगळीकडे ‘त’ व्हायचा. काकडीची तातडी, कापसाचा तापूस. आणि दैवाची गंमत अशी की तिच्या नावाचं पहिलंच अक्षर ‘क’. गावच्या शाळेत सगळे घरचेच, तिथे कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. इथे पहिल्याच दिवशी तिने उभं राहून नाव सांगितलं आणि वर्ग खदखदून हसला. तेव्हापासून कुणी नाव विचारलं की ती दप्तरावरचं लेबल दाखवायची.

मला असंच मूल हवं होतं. दोष स्पष्ट, उपाय ठाऊक. मी तिला गुळण्या करायला लावल्या, म्हणजे आवाज घशापाशीही होतो हे तिला कळावं. सतरंजीवर उताणी निजवलं, म्हणजे जीभ आपोआप मागे सरकावी. काडीने जिभेचं टोक हलकेच दाबून धरलं आणि आरशात दाखवलं. तिला हा सगळा खेळच वाटे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, छताकडे बघत पडलेली असताना, तिच्या घशातून एक कोरडा, स्वच्छ ‘अक्’ निघाला. ती दचकून उठून बसली. मी तर हवेतच तरंगत घरी गेले.

आणि मग मी थांबले नाही. ‘क’ येतोय तर बाकीचंही सुधारावं, असं माझ्या मनाने घेतलं. ती ‘व्हय’ म्हणाली की मी ‘हो’ म्हणायला लावायची. ‘नाय’चं ‘नाही’, ‘लई’चं ‘खूप’, ‘इथं’चं ‘इथे’. तिच्या वहीत मी दोन रकाने आखले, एकावर चूक, दुसऱ्यावर बरोबर. लाल पेनाने फुल्या मारल्या, हिरव्याने खुणा केल्या. वही इतकी सुबक झाली होती की मी ती वर्गशिक्षिकेलाही दाखवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली ती मुकी होऊन. वर्गात बोलेना, मधल्या सुट्टीत बोलेना. आमच्या खोलीत यायची, सतरंजीवर बसायची, आरशातही माझ्याकडे बघायची नाही. आधी वाटलं, सुट्टीतला आळस असेल. आठवडा गेला, दोन गेले. मी चित्रं बदलली, गोष्टी सांगितल्या, नवा भोवरा आणला. ती मान हलवायची, तेवढंच. शेवटी मी ती वही घेऊन मॅडमपुढे बसले. त्यांनी सावकाश पानं उलटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “यातली चूक कुठली आणि गाव कुठलं, तेवढं मला वेगळं करून दाखव.” मी बोट ठेवू लागले. ‘तापूस’वर ठेवलं. दुसरं बोट ठेवायला त्या चार पानांत मला जागा सापडली नाही.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी रिक्षाने चिकलठाण्याला गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात तुळस आणि कढीपत्त्याचं रोप. मुलीची आई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने पाणी दिलं, चहा ठेवला, पण आम्ही आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. मॅडमनी गावाकडचं विचारायला सुरुवात केली, पाऊसपाणी, पीक, माहेर कुठलं. हळूहळू तिचं तोंड उघडलं. मुलगी घरातही फारशी बोलत नव्हती. मग आई पदराशी चाळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला म्हणती, आई, तू समदं चुकीचं बोलती. तुझं ऐकून ऐकून माझं बी चुकीचं निघतं. मंग आता म्यापण लई बोलत नाय, मॅडम. तिचं नुकसान नको.”

एका घरातल्या दोन माणसांना मी गप्प केलं होतं. मला वाटतं, त्या क्षणी मला माझे वडील आठवले. तेही खेड्यातूनच शहरात आले होते. कचेरीत ते एक मराठी बोलत आणि भावाचा फोन आला की दुसरी. फोनवर असताना ते दार लोटून घेत. लहानपणी मला वाटे, काही गुपित बोलत असतील. ते फक्त त्यांच्यासारखं बोलत असत.

मुलगी खाटेच्या कडेला बसली होती. मी तिच्याजवळ खाली बसले. बरोबर आणलेली वही उघडली आणि तिला सांगितलं की या फुल्या मी चुकून मारल्या आहेत. तुझी जीभ ‘क’ची जागा विसरते, एवढंच आपल्याला बघायचंय. बाकीचं सगळं तुझ्या आईचं आहे आणि ते बरोबर आहे. हे मी तिच्या आईला ऐकू जाईल असं म्हणाले. मग मी एकेक फुली खोडली. ती बघत राहिली. मॅडम आईकडे वळल्या आणि कापसाचं विचारू लागल्या. आई सांगत होती, वेचणी कशी होते, सरकी म्हणजे बोंडातलं बी, आणि नंतर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड. मला तो शब्द नवा होता. मी वहीत लिहायला घेतला आणि मोठ्याने म्हटलं, “पराठी?”

खाटेवरून आवाज आला, “तसं नाय, बाई.”

ती खाली उतरली, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “पऱ्हाटी.” मी पुन्हा चुकले. माझ्या शहरी जिभेला तो ‘ऱ्ह’ खरोखरच वळेना. तिने मला पाच वेळा म्हणायला लावलं, अगदी मी तिला लावायची तसं. माझ्या हनुवटीला बोट लावून तोंड उघडायलाही सांगितलं. पाचव्यांदा तिची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग मुलगीही हसली, आणि मग बोलायला लागली ती आम्ही निघेपर्यंत. शेवटी म्हणाली, जमंल तुमाला, लई अवघड नाय.

त्यानंतर आमच्या सरावाचे शब्द पुठ्ठ्यांवरून येईनासे झाले, ते तिच्या घरून येऊ लागले. कापूस, सरकी, मका, कणीस, कुळव. दर सोमवारी ती आईला विचारून नवे दोन-तीन शब्द आणायची. कधी आईच शाळेत सोडायला आली की दारात उभी राहून सांगायची, आणि तिचा आवाज आता थेट व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या मावशींच्या स्टुलापर्यंत पोचायचा. ‘क’ जागेवर बसायला फेब्रुवारी उजाडला. आधी शब्दाच्या शेवटी आला, मग मध्ये, आणि सर्वांत शेवटी, नावाच्या सुरुवातीला.

तिने वर्गात नाव सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हते. बदली शिक्षिकेने हजेरी घेताना विचारलं, तिने उभं राहून सांगितलं, आणि कुणीही वळून पाहिलं नाही. हे मला मावशींनी दुपारी पाणी ठेवता ठेवता सांगितलं. मॅडम म्हणाल्या की असंच असतं. ज्या दिवशी आपलं काम पुरं होतं, त्या दिवशी आपल्याला तिथे कुणी बोलावत नाही.

पुढच्या वर्षी तिचं आमच्याकडे येणं बंद झालं. एकदा जिन्यात समोरून मैत्रिणींच्या घोळक्यात आली. कसलीशी तक्रार तावातावाने चालली होती, अध्येमध्ये ‘लई’ होतं, ‘व्हय की’ होतं, आणि ‘क’ तर कितीतरी होते, सगळे आपापल्या जागी. मी भिंतीकडे सरकून वाट दिली. ती बोलत बोलत माझ्या शेजारून खाली उतरून गेली. तिने मला पाहिलं नाही.

मी किती तरी वेळ त्या पायरीवर उभी होते, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. आता मॅडम निवृत्त झाल्या आहेत, मी दुसऱ्या शाळेत आहे, माझ्या हाताखाली एक नवी मुलगी शिकायला आली आहे, तीही घाईघाईने इतरांचे शब्द पुरे करते. या कामात दाखवण्यासारखं काही हाती उरत नाही. उच्चार झाला की हवेत विरतो. पण टाकीशेजारी गुळण्या करणारी ती मुलगी आता बावीस-तेवीसची असेल. कुठेतरी, कुणाशीतरी, आत्ता या घटकेलाही ती बोलत असेल, बोलताना जिभेचा विचार न करता. तो विचार तिला करावा लागत नाही, एवढं मला पुरतं.