पट्टा की चप्पल

खरमाटे गेला त्या आठवड्यातल्या मंगळवारी मी त्याला इस्पितळात भेटलो होतो. चौथ्या मजल्यावरची खोली, खिडकीशेजारचा पलंग, हाताला सलाईन. चेहरा पार उतरलेला होता, पण दाढी गुळगुळीत केलेली… नलिनीवहिनींनी केली असणार. आजारी माणसाजवळ बसलं की मला बोलायला काही सुचत नाही, मग मी पंखा, खिडकी, डास असलं काहीबाही बोलत राहतो. ते सगळं बोलून झाल्यावर काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणालो, "खरमाटे, तो स्कॉटलंडचा पंप सांग ना. किती दिवसांत ऐकला नाही." त्याने मान वळवली. डोळ्यांत एकदम तरतरी आली. "का रे मास्तर? सुचलं का तुला?" "काय सुचायचंय?" मी विचारलं. त्याने मान पुन्हा खिडकीकडे वळवली. "काही नाही. राहू दे." मला वाटलं, औषधांमुळे भरकटतोय. शुक्रवारी सकाळी दूध तापवत असताना वहिनींचा फोन आला. गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिलो. त्याला आता सात आठवडे होऊन गेले, आणि मंगळवारचा त्याचा तो प्रश्न मला परवा परवा कळला.

दत्तात्रय खरमाटे हा लातूरकडचा माणूस. तरुणपणी गावोगाव बोअरचे हातपंप बसवत फिरला, मग पंप बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला चेन्नईत आणलं आणि तो इथलाच झाला. मी केंद्रीय विद्यालयात विज्ञान शिकवायचो. बदलीवर आलो आणि पुढच्या बदलीच्या वेळी बायकोने हलायलाच नकार दिला. आमची ओळख त्याच्या मुलीमुळे झाली. मुग्धा माझ्या वर्गात होती. पालकसभेला हा आला तो मुलीचे गुण विचारायला नव्हेच. "सर, तुम्ही फळ्यावर पंप काढला होता म्हणे. वही बघितली मी. बाण अगदी बरोबर दाखवलेत," म्हणाला. मी फुशारलो. पंपाची आकृती हा माझा हुकमी एक्का होता. नळी, दट्ट्या, झडपा, पाणी कुठून कुठे जातं त्याचे बाण… डोळे मिटून काढायचो. त्या दिवसापासून मी त्याचा मास्तर झालो. मुग्धाची गंमत व्हायची, शाळेत सर आणि घरी काका. शेवटी तिने दोन्ही जोडून मला 'सरकाका' करून टाकलं.

या माणसाला पंपाचं वेड होतं असं म्हटलं तर ते कमीच होईल. एकदा आम्ही दोघं चेन्नईजवळच्या कोवलमला मासळी घ्यायला गेलो होतो. बस येताना दिसत होती. तेवढ्यात कोळ्यांच्या घरांकडून हातपंपाचा करकर आवाज आला आणि हा थबकला. "वरचं कातडं ठीक आहे, खालचं गेलंय," म्हणाला, आणि तिकडेच वळला. पाणी भरणाऱ्या बाईने हा कोण म्हणून भुवया उंचावल्या. याने आपल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये "अम्मा, दोन मिनिटं" म्हणत स्वतःच दांडा हातात घेतला. दोन मिनिटांचा सव्वा तास झाला. बस गेली, पुढचीही गेली, माझ्या पिशवीतली वंजिरम, म्हणजे आपली सुरमई, वास मारू लागली. पण पंप चालू झाला तेव्हा त्या बाईने पहिली कळशी भरून आधी याच्याच हातावर पाणी ओतलं. मी बसथांब्यावर रागाने फणफणत होतो. वरचं आणि खालचं, हे शब्द मी कानांनी ऐकले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

मुग्धा फिजिओथेरपिस्ट झाली आणि लग्न करून स्कॉटलंडला गेली. एडिंबरापासून दोन तासांवर कुठेतरी डोंगराच्या कुशीतलं गाव. सहा वर्षांपूर्वी खरमाटे आणि वहिनी तिच्याकडे तीन महिने राहून आले आणि त्यानंतर आमच्या रविवारांना नवा विषय मिळाला. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच मराठी म्हातारे पेरुंगुडीला त्याच्या बाल्कनीत जमायचो. खाली आयटीवाल्यांच्या बसगाड्यांना रविवारची सुट्टी, वर वहिनींचे पोहे आणि फिल्टर कॉफी, आणि वेताच्या खुर्चीत मांडी घालून बसलेला खरमाटे.

त्याच्या तोंडून ऐकलेला तो पब मला आता स्वतः पाहिल्यासारखा आठवतो. दगडी भिंती, डोकं आपटेल इतकं खाली छत, शेकोटी, आणि बाकाखाली पावसात भिजून आलेला एक कुत्रा. मोराग नावाची मालकीण, पासष्टीची, पण हात पैलवानाचे. वर्षातून एकदा तिथे आसपासच्या लहान लहान भट्ट्यांच्या बिअरचा उत्सव भरायचा. त्या बिअरला तिकडे एल म्हणतात. दहा-बारा पिंपं यायची, सगळी वीस-पंचवीस मैलांच्या आतली. "कुणाचं पाणी ह्या ओढ्याचं, कुणाचं त्या," खरमाटे सांगायचा. "सातू तिथल्याच शेतातला. पाटीवर खडूने नावं लिहितात आणि अर्धा अर्धा पेला घेऊन माणसं तासन् तास भांडतात, कुणाची चांगली. आपल्याकडे आंब्यांवरून भांडतात ना, तसं." तो दारू पिणारा नव्हता. पण त्या दोन दिवसांत त्याने घोट घोट सगळ्या चाखल्या होत्या आणि एकेकीचं वर्णन तो जिभेवर ती अजून असल्यासारखं करायचा. एक काळी होती, तिला भाजलेल्या ज्वारीचा वास. एक तांबूस, गुऱ्हाळातल्या काकवीची आठवण देणारी. एक पिवळी, शेवटी कडू, पण कारल्यासारखी नव्हे, मेथीसारखी. "आणि बर्फासारखी गार नाही रे. माठातल्या पाण्याइतकी. पिंपात ती जिवंत असते. श्वास घ्यायला तिला लाकडाची खुंटी ठोकतात. वायू भरून फसफसवायची नाही, तळघरातून हाताने उपसून वर आणायची." इथे आल्यावर कुणाच्या तरी साठीला त्याने बाटलीतली गारढोण बिअर एक घोट घेतली, पेला खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "ही मेलेली आहे."

तर उत्सवाच्या दिवशी सकाळी मोरागचा पंप बिघडला. तिच्या आजोबांच्या वेळचा, पितळी. दांडा ओढला की नुसती हवा आणि फेस. दुरुस्तीवाला सोमवारशिवाय येणार नव्हता. गावातली म्हातारी माणसं तोंडं पाडून बसली, कारण पहिला पेला त्याच पंपाचा, ही तिथली रीत. खरमाटेने मुग्धाला म्हटलं, तिला विचार, मी उघडू का. मोरागने या वाळक्या, कानटोपी घातलेल्या माणसाकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि पाना दिला. आत कातडं झिजलेलं. याने नवं कातडं कापलं, उकळत्या पाण्यात घातलं, बसवलं, दांडा ओढला… इथे खरमाटेचा उजवा हात खुर्चीतल्या खुर्चीत मागे यायचा, संथ, अगदी जड काहीतरी उपसल्यासारखा, आणि आम्हालाही पेला भरताना दिसायचा. पहिला पेला मोरागने त्यालाच दिला.

आता माझ्याविषयी. तीस वर्षं लाल पेन चालवल्यावर माणसाला चूक दिसते, बाकी काही दिसत नाही. पहिल्या वर्षी खरमाटे सांगायचा, कातडं पट्ट्याचं होतं. "थंडीने मी वाळून अर्धा झालो होतो, पट्ट्याचं शेपूट उगाच लोंबत होतं, तेच कापलं." पुढच्या वर्षी कुणी जावयाचा विषय काढला तेव्हा कातडं चपलेचं झालं. जावयासाठी कोल्हापुरी नेली होती, त्या थंडीत ती कोण घालणार, तिच्या तळव्याचा पदर सोलला वगैरे. मी मनात नोंद केली. मग आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात त्याला 'माझा परदेश प्रवास' यावर बोलायला बोलावलं. सभागृह भरलेलं. तो रंगात आला, दांडा ओढायच्या जागी आला, आणि मी उभा राहिलो. "एक शंका आहे. कातडं एकदा पट्ट्याचं असतं आणि एकदा चपलेचं. नक्की कशाचं होतं? पट्टा की चप्पल?" सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "पुढच्या वर्षी बूट!" खरमाटे हसला. माझ्याकडे बघून तोंड उघडलं, मिटलं. "असेल काहीतरी… वय झालं," म्हणाला, आणि खाली बसला. मला टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, त्या मला आवडल्या.

त्यानंतर त्याने ती गोष्ट कधी सांगितली नाही. रविवार चालू राहिले, पोहे चालू राहिले. पण मी आलो की तो माझ्याकडे जरा रोखून बघायचा, काहीतरी ऐकायची वाट पाहत असल्यासारखा. मी वर्तमानपत्र उघडायचो. अशी चार वर्षं गेली.

परवा वहिनींनी बोलावलं. मुग्धा त्यांना काही महिन्यांसाठी घेऊन जाणार होती, त्याआधी कपाट आवरायचं होतं. खालच्या कप्प्यात एक कापडी पिशवी निघाली. मुग्धाने ती पलंगावर उलटी केली. एक कोरी कोल्हापुरी, एकाच पायाची. टाचेपाशी तळव्यातून वाटीएवढी गोल चकती कापलेली. आणि एक जुना पट्टा. त्याच्या शेपटाला रुपयाएवढा गोल तुकडा कापलेला.

मी दोन्ही हातांत दोन वस्तू धरून उभा राहिलो. मोठी चकती, लहान चकती. दट्ट्याला एक, तळाच्या झडपेला एक. वर एक, खाली एक. तीस वर्षं जी आकृती मी डोळे मिटून काढत आलो, ती माझ्या हातांत होती.

"दोन असतात," मी म्हणालो. "अहो, पंपात कातडी दोन असतात!"

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. "हेच ऐकायला थांबले होते ते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आल्यावर मी भांडले. म्हटलं, दोन होती असं सांगून मोकळं का नाही झालात? तर म्हणाले, 'त्याला सगळा गाव मास्तर म्हणतो. आपल्या मुलीला पंप त्याने शिकवला. भर सभेत त्याला पंप कळत नाही असं कसं म्हणू? घरी जाऊन आकृती काढेल, कळेल त्याला. रविवारी हसत येईल बघ.'"

मुग्धाने पाणी आणून दिलं. "सरकाका, त्या पंपात अजून तीच कातडी आहेत," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात उत्सव झाला. मोरागने पहिला पेला भरून खिडकीत ठेवला. कुणी हात नाही लावला दिवसभर." आणि मग मी रडलो. कुणासमोर रडायची माझी रीत नाही, पण रडलो.

त्याला रविवारी मी हसत येईन असं वाटलं होतं. असे दोनशेच्या वर रविवार मी त्याच्यासमोर बसून पोहे खाल्ले. इस्पितळातही त्याला वाटलं, आता तरी सुचलं असेल. नव्हतं सुचलं. मला माणसाचं खोटं पकडायची एवढी घाई होती की माझाच धडा मी विसरलो, आणि त्याने माझी लाज राखण्यासाठी आपली सगळ्यांत लाडकी गोष्ट गिळली. असा मित्र मला मिळाला होता आणि मी त्याचं चारचौघांत हसं केलं. प्रश्न चारचौघांत विचारला, म्हणून उत्तरही इथे, वर्तमानपत्राच्या पुरवणीत, चारचौघांत देतोय. त्या दिवशी सभागृहात जे हसले त्यांनी कृपा करून वाचावं. खरमाटेच्या गोष्टीत एक अक्षर खोटं नव्हतं.

वहिनी परवा निघतील. पट्टा आणि चप्पल मुग्धाने मला देऊ केली. मी पट्टा घेतला आणि चप्पल तिच्याकडेच ठेवायला सांगितली, मोरागला दाखवायला. त्या दिवशी निघताना बाल्कनीत गेलो. वेताची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून तशीच होती. उजव्या हाताच्या दांडीवरचा वेत गुळगुळीत झालाय, गोष्ट सांगताना तिथे त्याचा हात मागे यायचा. मी खिशातून पेन काढलं, जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पंप काढला. नळी, दट्ट्या, झडपा, बाण. वर लिहिलं चप्पल, खाली लिहिलं पट्टा. कागद खुर्चीत ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर फिल्टर कॉफीच्या पेल्याखालची रिकामी वाटी ठेवली.