राहिलेली भिंत

आमच्या आळीतल्या लूर्डसबायचं वय सत्तर, आणि तिच्या घरदुरुस्तीच्या अर्जाचं दोन वर्षं. अर्ज तीनदा परत आला. एकदा सातबाऱ्यावर मेलेल्या सासऱ्याचं नाव होतं म्हणून, एकदा नकाशात विहीर दाखवली नव्हती म्हणून, आणि तिसऱ्यांदा घराचे फोटो जुने झाले म्हणून! जुने केले कोणी?

चौथ्या अर्जाच्या उत्तराची वाट बघता बघता जुलैत घरच कोसळलं. एक भिंत तेवढी राहिली. मी बायला घेऊन कचेरीत गेलो. कारकून हळूच म्हणाला, "आजी, ती भिंत सांभाळा. ती पडली तर दुरुस्ती कसली? नवीन बांधकाम धरतील, आणि तुमच्या एवढ्याशा गल्लीत त्याला परवानगी मिळणार नाही."

तेव्हापासून बाय झोपायला बहिणीकडे जाते, दिवसभर भिंतीपाशी असते. भिंतीला पोफळीचे टेकू दिलेत, वर ताडपत्री बांधलीय.

काल सकाळी सोसाट्याचा वारा सुटला. बाय चर्चमध्ये मिस्साला दिसली नाही, म्हणून मी धावत गेलो. ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

"बाय, बाजूला हो! अंगावर येईल!"

ती हलली नाही. म्हणाली, "तू जा, कचेरीत कागद आलाय का बघून ये."