मोहाखालचा धूर

जंगलातल्या भटकंतीच्या फोटोंचं पुस्तक छापून घेतलं आणि त्याची पहिली प्रत मी हौसेनं वनखात्याच्या साहेबांना नेऊन दिली. एवढा शहाणपणा मलाच सुचू शकतो.

आज शेजाऱ्यांनी अंगणातला पाचोळा पेटवला आणि त्या वासानं मला थेट कारंज्याच्या जंगलात नेऊन उभं केलं. चैत्रातली सकाळ होती. जवळच्याच गावची सोमाबाई मोहाखालचा पाला झाडून जाळत होती; जमीन साफ असली की पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. त्या फुलांवर तिचं वर्षभराचं तेल-मीठ चालायचं. मला मात्र दिसत होत्या त्या धुरातून उतरणाऱ्या उन्हाच्या तिरिपी. मी पालथा पडून फोटो काढत होतो.

"काऊन लोळून राह्यले भाऊ? कंबर गेली का?" म्हणत तिनं ओंजळभर फुलं माझ्या रुमालात टाकली. त्यांचा गोड, उग्र वास बोटांना दिवसभर होता.

तोच फोटो मुखपृष्ठावर आला. साहेब तो बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, माणूस रसिक आहे. "झाड कुठलं?" त्यांनी विचारलं, तर मी वाटेचा नकाशाही काढून दिला. जंगलात आग लावली म्हणून सोमाबाईवर गुन्हा दाखल झाला आणि पुढच्या हंगामात तिला त्या झाडाखाली जायची बंदी झाली.

मी लाज गिळून तिच्या घरी गेलो, तेही पुस्तकाची प्रत घेऊन. तिनं मुखपृष्ठावरून हात फिरवला.

"फोटो मस्त निंगाला, भाऊ. आता मोहफुलं याच्यातून वेचू काय?"