उताराच्या रॅकचं गाऱ्हाणं

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात मी सुपरवायझर होतो. तिथे मला मामानंच चिकटवलं होतं. मामा तिथल्या हमालांचा मुकादम. रोज दोडामार्गहून स्कूटरने यायचा. मालकासमोर त्याने माझी एवढी तारीफ केली होती की त्याला आणखी एखादा भाचा आहे की काय, अशी मलाच शंका आली.

पुढे मालकाने उताराचा रॅक मागवला. त्याच्या प्रत्येक मजल्यावर रोलर, मागून पुढे किंचित उतरते. फोर्कलिफ्टने मागून पॅलेट ठेवलं की ते खोक्यांसकट आपल्याच वजनाने पुढे सरकायचं. पुढचं उचललं की मागचं त्याच्या जागी हजर. आधी आलेला माल आधी निघणार, मधल्या वाटांची जागा वाचणार, आणि हमालांची टोळीही लागणार नाही. हे शेवटचं मालकाने मला एकट्याला केबिनमध्ये सांगितलं. ‘दसऱ्यानंतर सांगू त्यांना, सणात कशाला तोंड कडू करायचं?’ मला ते पटलं. खरं तर मी पटवून घेतलं, कारण माझी नोकरी राहणार होती.

मामाने रॅकबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, “तुमच्या पाठींक आराम पडतलो.” त्याने ते टोळीभर सांगितलं. रॅकचे खांब त्याच माणसांनी खांद्यावरून आत आणले, आणि तेही चेष्टामस्करी करत. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी उगाच फोर्कलिफ्टवाल्यावर खेकसत राहिलो.

दसऱ्याला रॅकला झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला. आमच्याकडे नव्या कामाला देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि ते घालायचं वडीलधाऱ्याने. मामा टोपी सारखी करून पुढे झाला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यां नवीन काम तुझ्या पायाकडे उभां केलां हा. तेका यश दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” टोळी म्हणाली.

“माझ्या भाच्यान ह्यां आमच्या सुखासाठी केलां. तेका बरकत दी. आणि आमची भाकरी हयच ठेव, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

माझे नुसते ओठ हलले. मामाने कोपराने ढोसलं. “मोठ्यान म्हण रे. रॅक तुझोच मा?”

मी मोठ्याने म्हणालो. सगळे हसले, मामाने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

पुढच्याच आठवड्यात मालकाने टोळीला बोलावून सांगून टाकलं. मामा केबिनमधून बाहेर आला तो सरळ माझ्याकडे. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

“मी गाऱ्हाणां घातलंय, तेव्हा तुका ठावक होतां?”

मी “व्हय” म्हणालो. ते इतकं हळू होतं की त्याला परत विचारावं लागलं.